बालशाळा, जानेवारी: माउंट टेलर मुलांना कसा सांगायचा?

नमस्कार मंडळी,

जानेवारीच्या बालशाळेत माउंट टेलरबद्दल बोलायचं ठरवलंय. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीहून पश्चिमेला रोज दिसणारा हा डोंगर नवाहो या मूळ अमेरिकन लोकांना पवित्र आहे, एवढं मुलांना ठाऊक आहे. “वर देऊळ आहे का?” हा प्रश्न आलाच! मुलं सहा ते दहा वर्षांची. कैलासापासून सुरुवात करू का? काका, तुम्ही डोंगराजवळच्या ग्रँट्स गावी राहिलात, जरा सांगाल?

– बालशाळेची ताई

—

ताई,

कैलास नको. कैलास म्हटलं की मुलांना शंकर दिसणार आणि नवाहोंचा डोंगर बाजूलाच राहणार. वर देऊळ नाही, डोंगरच पवित्र आहे, असं सरळ सांगा.

नवाहो स्वतःला डिने म्हणतात. त्यांच्या भूमीच्या चार दिशांना चार पर्वत आहेत. पूर्वेला कोलोरॅडोतला ब्लँका, रंग पांढरा. दक्षिणेला माउंट टेलर, निळा. पश्चिमेला अ‍ॅरिझोनातली सॅन फ्रान्सिस्को शिखरं, पिवळी. उत्तरेला पुन्हा कोलोरॅडोत हेस्पेरस, काळा. या चारांच्या मधली जमीन म्हणजे घर. माउंट टेलर पहिल्या पुरुषाने आणि पहिल्या स्त्रीने दगडी सुरीने जमिनीत पक्का रोवला आणि फिरोजा खड्यांनी सजवला, अशी त्यांची कथा आहे. सुरी ऐकली की मुलं कान टवकारतील.

मग येईत्सोची गोष्ट सांगा. माणसं खाणाऱ्या या राक्षसाला सूर्याच्या जुळ्या मुलांनी याच डोंगराजवळ मारलं. त्याचं रक्त थिजलं, तोच ग्रँट्सजवळचा काळा खडक. आय-४० महामार्गावरून जाताना मुलांनी तो पाहिलेला असतो. भूगर्भशास्त्र सांगतं की माउंट टेलर हा ३,४४६ मीटर उंचीचा ज्वालामुखी असून सुमारे १५ लाख वर्षांपूर्वी शांत झाला, आणि तो काळा लाव्हा आसपासच्या लहान ज्वालामुखींतून पुष्कळ नंतर आला. दोन्ही सांगा. मुलांना दोन्ही पचतं.

जानेवारी निवडलात हे उत्तम झालं. या कथा डिने लोक थंडीतच सांगतात, साप आणि अस्वलं झोपलेली असताना. उन्हाळी शिबिरात मात्र त्या घेऊ नका. आणि वाळूची चित्रं किंवा मुखवटे करून घेऊ नका, ते त्यांच्या विधींतले आहेत. चार रंगांचे डोंगर रंगवायला द्या, ते नवाहो नेशनच्या, म्हणजे त्यांच्या स्वशासित प्रदेशाच्या, झेंड्यावरही आहेत.

– काका

—

काका, मनापासून आभार. एक शंका. १८६४ मध्ये अमेरिकी सैन्याने नवाहोंना घडवलेली पायपीट एवढ्या लहान मुलांना सांगायची का? काही पालकांना ते जड वाटतंय.

– ताई

—

ताई, सांगायचीच. ती वगळली तर डोंगर फक्त चित्रातला उरतो.

सैन्याने शेतं जाळली, कॅन्यन डी शे या दरीतली पीचची झाडं तोडली आणि हजारो डिनेंना पूर्व न्यू मेक्सिकोत फोर्ट समनरपर्यंत चालवत नेलं. तिथलं पाणी खारट, पिकं बुडाली, अंदाजे दोन हजारांवर माणसं गेली. मृत्यूंचा तपशील लहानांना नको, पण भूक आणि घराची ओढ त्यांना कळते. १८६८ मध्ये अमेरिकी सैन्याचा जनरल शर्मन त्यांना ओक्लाहोमाकडे पाठवू पाहत होता. बार्बोन्सितो या पुढाऱ्याने ठाम सांगितलं, आम्हाला आमच्याच भूमीत जाऊ द्या. १ जूनला करार झाला. परतताना अल्बुकर्कीहून डोंगराचा माथा दिसला तेव्हा म्हातारी माणसं रडली, असं मनुएलितो या दुसऱ्या डिने पुढाऱ्याने नंतर सांगितलं. आपली मुलं शाळेच्या बसमधून तोच माथा बघतात. हा भाग घाई न करता सांगा.

मोठ्या मुलांना युरेनियमबद्दलही कळू दे. १९५० पासून ग्रँट्सच्या परिसरात खाणी निघाल्या आणि डिने खाणकामगार फुप्फुसाच्या आजारांनी गेले. २००५ मध्ये नवाहो नेशनने आपल्या हद्दीत युरेनियमच्या खाणींवर बंदी घातली. पण डोंगर स्वतः त्या हद्दीबाहेर, बराचसा राष्ट्रीय वनात आहे. तो अकोमा, लगुना, झुनी आणि होपी लोकांनाही पवित्र आहे. नवाहोंसह या पाचही समाजांनी मिळून अर्ज केला आणि २००९ मध्ये न्यू मेक्सिको राज्याने डोंगराला सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदवलं. प्रकरण कोर्टात गेलं, पण २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने डोंगराची नोंद कायम ठेवली.

– काका

—

ठरलं तर. लहानांना चार पर्वत, येईत्सो आणि घरी परतणं, आठ वर्षांवरच्यांना खाणींचाही भाग. पालकांनी रंग पाठवावेत: पांढरा, निळा, पिवळा, काळा. कोऱ्या नकाशाच्या प्रती मी काढते.

– ताई