मदत हवी आहे: सॅन होजे ते सिअ‍ॅटल बाईकवरून, आणि त्या 'विमानातून गस्त' पाट्या

बुलेटभक्त
नमस्कार मंडळी. जूनमध्ये चार बाईक, सॅन होजे ते सिअ‍ॅटल. जाताना ६८०, ८०, ५०५ हे महामार्ग करत आय-५ (इंटरस्टेट ५) धरायचा, येताना किनाऱ्याने. आय-५ वर विमानातून गस्त घालत असल्याच्या पाट्या आहेत आणि त्यावरून आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज नवी अफवा येते. जाणकारांनी कृपया सांगावं.

विमान खरंच असतं की नुसतं पाटीचं बुजगावणं? असलंच तर एवढ्या उंचीवरून वेग मोजतात कसा, रडारने? एक जण महागडा रडार डिटेक्टर घ्यायला निघालाय, घेऊ दे का? चार बाईक एकत्र असताना नेमकी कोणती जोरात होती हे वरून कसं कळतं? आणि तिकीट मिळालंच तर एच-१बी (नोकरीच्या व्हिसा) वाल्यांना पुढे त्रास होतो का?

बाईक्स: दोन ६५० ट्विन, एक ७०० ची नेकेड (पुढे वारा अडवणारं आवरण नसलेली), एक १००० ची स्पोर्ट टूरर. नेकेडचा पुढचा स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) हायवेसाठी १५ चा १६ दातांचा केलाय. कुणालाही शंभरी गाठायची नाही. ट्रॅफिकबरोबर ताशी ७५-८० मैलांनी जायचा विचार आहे.

टाकोमाकर
विमान असतं. रोज नसतं आणि प्रत्येक पाटीपाशी तर नसतंच. उडवायला महाग पडतं, खाली दोन-चार गाड्या तयार ठेवाव्या लागतात आणि आकाश स्वच्छ लागतं. पण जूनमध्ये, कोरड्या हवेत, सुट्टीच्या शनिवार-रविवारी असण्याची शक्यता भरपूर.

वॉशिंग्टन राज्यात रडार नव्हे, स्टॉपवॉच चालतं. रस्त्यावर ठरावीक अंतराने आडव्या पांढऱ्या जाड खुणा रंगवलेल्या असतात. चाक पहिल्या खुणेवर आलं की बटण, दुसऱ्या खुणेवर आलं की पुन्हा बटण. अंतर माहीत आहे, वेळ मिळाली, वेग निघाला. खुणांमध्ये पाव मैल असेल तर ९०० भागिले सेकंद म्हणजे ताशी मैल. १५ सेकंद लागले तर ६०, १२ लागले तर ७५, सव्वाअकरा लागले तर ८०, दहा लागले तर ९०. अर्धा मैल असेल तर ९०० च्या जागी १८०० घ्या.

'माणसाच्या बोटाचा काय भरवसा' हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. गणित करून बघा. पाव मैलात ७५ ने जाणाऱ्याच्या वेळेत ०.२ सेकंदाची चूक झाली तर उत्तर ७३.८ ते ७६.३ च्या दरम्यान येतं. अर्ध्या मैलात तीच चूक जेमतेम ०.६ मैलाची. शिवाय एकाच गाडीची वेळ लागोपाठच्या दोन-तीन टप्प्यांत घेता येते. त्यामुळे ८५ ने जाणारा 'मी ७० नेच होतो' असं म्हणू लागला तर घड्याळ त्याच्या बाजूने उभं राहत नाही.

ही पद्धत सरासरी वेग पकडते, त्या क्षणाचा नाही. पुलाखाली पोलिसांची गाडी दिसली म्हणून ब्रेक दाबण्यात काही हशील नसतो, कारण मोजणी मागच्याच मैलात संपलेली असते. खालची गाडी फक्त तुम्हाला बाजूला घ्यायला थांबलेली असते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरचे सरासरी वेगाचे कॅमेरे ज्यांना ठाऊक आहेत त्यांना हे लगेच उमगेल. तत्त्व तेच. तिथे दुचाकीला मुळात बंदीच आहे, तो भाग वेगळा.

रेडवुडवाला
टाकोमाकरांशी सहमत, पण कॅलिफोर्नियाचं प्रकरण निराळं आहे. इथल्या वाहन कायद्याच्या कलम ४०८०२ मध्ये 'स्पीड ट्रॅप'ची व्याख्या आहे. रस्त्याचा मोजून खुणा केलेला तुकडा घ्यायचा आणि तो पार करायला गाडीला किती वेळ लागला त्यावरून वेग काढायचा, हे त्यात मोडतं आणि असा पुरावा कोर्टात चालत नाही. म्हणून इथे विमान गाडीच्या बरोबरीने उडत राहतं आणि विमानाचा वेग तोच गाडीचा वेग धरला जातो. मागून येऊन बरोबरीने चालणारी पोलिसांची गाडी जे करते तेच, फक्त वरून.

यात वाऱ्याचा घोळ असतो. विमानातला हवेच्या सापेक्ष वेग दाखवणारा काटा इथे कामाचा नाही, जमिनीच्या सापेक्ष वेग लागतो. मागून २० नॉटचा वारा असेल तर दोन्हींत ताशी २३ मैलांचा फरक पडतो. दुसरं, विमान रस्त्याच्या अगदी डोक्यावर नसून तिरकं असेल तर 'बरोबरीने' हे नीट ठरवायला बऱ्यापैकी अंतर सोबत उडावं लागतं. म्हणून तिकीट लढवायचं झालं तर इथे विचारायचे प्रश्न वेगळे: किती अंतर सोबत होतात, जमिनीवरचा वेग कशावरून घेतलात, ते उपकरण कधी तपासलं होतं.

आणि बुलेटभक्त, ट्रॅफिकबरोबर ८० हा बचाव कुठल्याही कोर्टात ऐकून घेत नाहीत. सॅक्रामेंटो खोऱ्यात आय-५ वर बराच पट्टा ७० चा आहे. शास्ताच्या डोंगराळ भागात मर्यादा उतरते, ऑरेगॉनमध्ये बहुतेक ठिकाणी ६५ असते, वॉशिंग्टनमध्ये शहराबाहेर ७०. खोऱ्यात ८० ला सवय लागली की तोच हात ऑरेगॉनमध्ये १५ ने जास्त ठरतो.

बुलेटभक्त
दोघांचेही आभार. मग डिटेक्टर बाद? फोनवर विमानं दाखवणारी अ‍ॅप्स असतात, त्यात पोलिसांचं विमान दिसत नाही का?

स्पॅनर१७
डिटेक्टर रडारच्या किंवा लेझरच्या लहरी ओळखतो. स्टॉपवॉच आणि माणसाचे डोळे कसल्याच लहरी सोडत नाहीत, तेव्हा विमानासाठी तो शून्य कामाचा. तुमच्या वाटेवरच्या तिन्ही राज्यांत खासगी बाईकवर तो बाळगणं बेकायदा नाही. व्हर्जिनिया आणि वॉशिंग्टन डी.सी. मध्ये आहे, पूर्वेकडचे वाचक असतील तर त्यांनी लक्षात ठेवा.

अ‍ॅपचं म्हणाल तर २०२० पासून अमेरिकेच्या बऱ्याचशा नियंत्रित हवाई क्षेत्रात विमानांना आपली जागा प्रसारित करणं सक्तीचं आहे, त्यामुळे काही दिसतात. पण खोऱ्यात औषध फवारणारी विमानं, शिकाऊ वैमानिक, आगीवर नजर ठेवणारी विमानं, सगळी घिरट्याच घालत असतात. कोण कोणाचं हे ताशी ७० मैलांवर, हातमोजे घालून, उन्हात चमकणाऱ्या स्क्रीनवर ओळखायला जाल तर पुढचा ट्रक आधी गाठाल. फोन हातात दिसला तर त्याचं तिकीट वेगळं.

आवाजावर भिस्त ठेवणारेही असतात. हायवेच्या वेगाला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज इतका असतो की हजार फुटांवरचं सिंगल इंजिन ऐकू येणं अशक्य. कानाचे बोळे जरूर वापरा, पण कॅलिफोर्नियात दोन्ही कानांत बोळे घालायचे तर ते सायरन ऐकू येईल असे हवेत. गाणी ऐकायचे इअरफोन दोन्ही कानांत चालत नाहीत.

चेनल्यूब
डिटेक्टरचे पैसे वाचले असतील तर त्या नेकेडकडे बघा, खरी गोम तिथे आहे.

बहुतेक बाईकचा स्पीडोमीटर कंपनीतूनच थोडा जास्त दाखवतो, ५-६ टक्के सर्रास. म्हणजे काटा ७० वर असताना खरा वेग साधारण ६६. रायडर नकळत या उशीवर जगतो. आता पुढचा स्प्रॉकेट १५ चा १६ केला. वेगाचा सेन्सर गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टवर असेल तर त्याला स्प्रॉकेट बदलल्याचा पत्ताच नसतो. तेवढ्याच फेऱ्यांत चाक ६.७ टक्के जास्त फिरतं. काटा ७० दाखवतोय आणि खरा वेग ७०.४. उशी संपली. काटा ८० वर असेल तर खरे ८० भरतील, आणि शेजारच्या ६५० वाल्याचा काटा त्याच वेळी ८५ दाखवत असेल. मग दोघं एकमेकांना 'तू पळवतोयस' म्हणून भांडणार.

सेन्सर चाकावर, एबीएसच्या (ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) दातेरी रिंगवर असेल तर स्प्रॉकेटने फरक पडत नाही. तिथे टायर बघा. मागे १८०/५५-१७ च्या जागी १९०/५५-१७ टाकला तर व्यास सुमारे ६३० मिमीचा ६४१ होतो, म्हणजे पावणेदोन टक्के. पण आधी रिंग कुठल्या चाकावरची वाचली जाते ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघून घ्या. पुढच्या चाकावरची असेल तर मागच्या टायरचा संबंध नाही.

तपासायची रीत सोपी आहे. सपाट सरळ रस्ता, वारा नसलेली सकाळ, टायरमध्ये थंड असताना बरोबर हवा. काटा ६० वर दोन मिनिटं स्थिर ठेवा आणि हँडलवर बसवलेल्या जीपीएसचा आकडा मागून येणाऱ्या मित्राला इंटरकॉमवर सांगा. वेग बदलत असताना जीपीएस मागे राहतं, म्हणून स्थिर असतानाचाच आकडा घ्यायचा. जीपीएस नको असेल तर मैलाचे दगड आणि घड्याळ: काटा ६० असताना एका मैलाला ६४ सेकंद लागले तर खरा वेग ५६.२५. चारही बाईकचे आकडे काढा आणि '७० साठी काटा इतका' असं टेपवर लिहून टाकीवर चिकटवा. जुगाड आहे, पण काम करतो.

टाकोमाकर
घोळक्याचा प्रश्न राहिला. वरून नंबरप्लेट वाचत नाहीत. लेन, क्रम, बाईकचा आणि जॅकेटचा रंग, मागे बॅगा आहेत की नाहीत, आजूबाजूची ठळक वाहनं, हे रेडिओवर सांगतात. खालची गाडी योग्य बाईकमागे येईपर्यंत वरचा माणूस नजर हलवत नाही. एकसारख्या काळ्या जॅकेटांचे चार जण असतील तर गफलत होऊ शकते, आणि गफलत झाली की पुढे कोर्टात दोन अधिकाऱ्यांच्या जबान्या जुळवण्याचा व्याप तुमच्या माथी येतो. वेगवेगळ्या रंगांची हाय-व्हिज (लांबून उठून दिसणारी) जॅकेटं घाला. ट्रकवाल्यांनाही दिसाल.

घोळक्यात अडकतो तो शेवटचा. पुढचे ७० ने चाललेत, शेवटचा ट्रकमागे सापडून अर्धा मैल मागे पडला. ८० ने पळवून गाठायचं म्हटलं तर तीन मिनिटं लागतात आणि तेवढ्यात तो चार मैल ८० ने गेलेला असतो. वरच्याला मोजायला याहून सोयीचं काय असणार? म्हणून म्होरक्याने ओव्हरटेक करून पुढे गेल्यावर ६३-६५ वर यायचं आणि आरशात चौथा हेडलाइट दिसला की मग ७०. किंवा सरळ ठरवून टाका की पुढच्या रेस्ट एरियात भेटायचं.

आणि ऑरेगॉनची हद्द लागली की दोन लेनच्या मधून बाईक काढायची सवय बंद. कॅलिफोर्नियात चालतं, ऑरेगॉन-वॉशिंग्टनमध्ये नाही. वरून ते वेगापेक्षाही पटकन दिसतं.

तिकीटपुराण
तिकिटावर थोडं विस्ताराने.

रस्त्याकडेला वाद घालू नका, सही करा. सही म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे, हजर राहण्याची हमी. कॅलिफोर्नियाच्या तिकिटावर 'उल्लंघन माझ्यासमोर घडलेलं नाही, माहितीवरून नोंदवत आहे' अशा अर्थाची एक चौकट असते. विमानाच्या केसमध्ये ती महत्त्वाची, कारण वेग मोजणारा एक आणि तुम्हाला ओळखणारा दुसरा. सुनावणी मागितलीत तर वेगाबद्दल वरचाच सांगू शकतो. खालच्याने 'मला रेडिओवर कळवलं' म्हटलं तर ती ऐकीव गोष्ट.

कॅलिफोर्नियात लेखी सुनावणीही मागता येते. फॉर्म टीआर-२०५ भरायचा, दंडाची रक्कम आधी जमा करायची. निकाल विरुद्ध गेला तर तो टपालात पडल्यापासून २० दिवसांत टीआर-२२० भरून प्रत्यक्ष सुनावणी नव्याने मागता येते. मर्यादेपेक्षा १५ मैलांपर्यंत जास्त असेल तर मूळ दंड ३५ डॉलर दिसतो, पण अधिभार चढून तो दोनशेच्या वर जातो आणि लायसन्सच्या नोंदीवर एक पॉइंट (दोषांक) लागतो. १८ महिन्यांत ट्रॅफिक स्कूल केलं नसेल आणि वेग मर्यादेपेक्षा २५ हून जास्त नसेल तर ट्रॅफिक स्कूल करून तो पॉइंट विम्यापासून झाकता येतो. १०० च्या वर गेलात तर कलम वेगळं: दोन पॉइंट, मूळ दंडच ५०० डॉलरपर्यंत, आणि कोर्ट ३० दिवसांपर्यंत लायसन्स स्थगित करू शकतं. वॉशिंग्टनमध्ये पॉइंट नसतात, पण सात वर्षांतून एकदा तिकीट 'डिफर' करून (निर्णय लांबणीवर टाकून) मागता येतं. बाहेरच्या राज्यातलं तिकीट तिथेच राहील या भ्रमात राहू नका. तिन्ही राज्यं एकमेकांना कळवतात.

व्हिसाबद्दल: या तिन्ही राज्यांत साधं वेगाचं तिकीट फौजदारी गुन्ह्यात मोडत नाही. घोळ होतो तो तारीख चुकवल्यावर. कॅलिफोर्नियात हमी देऊन हजर न राहणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. थांबायचा इशारा मिळाल्यावर पळ काढणं तर तिथे थेट मिसडिमीनर (फौजदारी गुन्हा), आणि डोक्यावर विमान असताना पळून जाणार कुठे? पूर्वेकडे व्हर्जिनियात ताशी ८५ च्या वर किंवा मर्यादेपेक्षा २० ने जास्त गेलात तर तिकीट नव्हे, रेकलेस ड्रायव्हिंगचा (बेदरकारपणे गाडी चालवण्याचा) गुन्हा लागतो. असं काही झालं तर दंड भरून मोकळं होण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी बोला. व्हिसाच्या फॉर्मवर लिहावं लागतं.

बुलेटभक्त
फार मोलाची माहिती. डिटेक्टर रद्द, जॅकेटं आणि काट्याची तपासणी नक्की. शेवटचा प्रश्न: वेग स्थिर राहावा म्हणून नेकेडला थ्रॉटल लॉक बसवावा का? क्रूझ कंट्रोल फक्त टूररला आहे.

चेनल्यूब
बसवा, पण तो क्रूझ नाही हे त्या रायडरला नीट समजावा. क्रूझ वेग धरून ठेवतो, लॉक फक्त मूठ धरून ठेवतो. ऑरेगॉनच्या हद्दीवरचा सिस्कियूचा घाट चढताना ७० चे ६० होतील आणि उतारावर तीच मूठ ७८ ला नेऊन ठेवेल. तो लॉक सपाट खोऱ्यात वापरायचा, डोंगरात काढायचा.

घर्षणावर चालणारा घ्या. लॉक लावलेला असतानाही हाताने मूठ मागे फिरली पाहिजे. बसवल्यावर इंजिन बंद ठेवून हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवा, लॉकचा कुठलाही भाग ब्रेक लिव्हरला किंवा स्विचगिअरला लागत नाही ना बघा. मग लॉक सोडून मूठ पिळून सोडा. ती आपोआप शून्यावर आली पाहिजे. आळसावल्यासारखी हळू येत असेल तर बार एंड (हँडलच्या टोकाची टोपी) आणि मुठीमध्ये दोन-एक मिमी फट ठेवून पुन्हा बसवा.