मदत हवी आहे : ऑडॅसिटी (आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर) इन्स्टॉल होत नाहीये (तातडीचे!)

अडलाहरी:
सॉफ्टवेअर टाकणाऱ्या ॲप्टला टर्मिनलमध्ये 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल ऑडॅसिटी' ही कमांड दिली की शेवटी 'सब-प्रोसेस डीपीकेजी रिटर्न्ड ॲन एरर कोड (१)' येतं. तीनदा केलं, रीस्टार्टही करून झालं. उद्या सकाळी रेकॉर्डिंग कापून द्यायचंय. काय करू?

शंकेखोर:
डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) कुठलं? आवृत्ती? नुसती शेवटची ओळ देणं म्हणजे डॉक्टरकडे जाऊन 'बरं वाटत नाही' म्हणणं. वरच्या वीस ओळी टाका.

अडलाहरी:
उबुंटू हो. कालपर्यंत सगळं चालत होतं.

आर्चप्रेमी:
आर्च लिनक्सच्या पॅकमॅनवर (आमचं ॲप्ट) या, असले प्रश्नच पडत नाहीत. (हलके घ्या.)

जुनाजाणता:
पडतात, फक्त त्यांचे धागे तुम्ही इंग्रजीत काढता.

घाईगडबड:
फ्लॅटपॅकने (ॲप्टला वगळून सॉफ्टवेअर टाकायची वेगळी सोय) टाका आणि मोकळे व्हा.

शंकेखोर:
आणि ॲप्ट अडकलेलंच राहू दे? सुरक्षेचे अपडेट कुठून येणार मग?

घाईगडबड:
त्यांना रेकॉर्डिंग द्यायचंय, प्रबंध नाही.

रामराज्य:
स्वॅप (रॅम पुरेना झाली की वापरायची डिस्कवरची जागा) कमी असेल. मी ८ जीबी केलं, तेव्हापासून मशीन पळतंय.

शंकेखोर:
स्वॅपचं विचारलंय कुणी?

अडलाहरी:
भांडा तुम्ही. वर हे दिसतंय: 'झेडएसटीडी: एरर ७०: राइट एरर: कॅननॉट राइट ब्लॉक: नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस', मग 'अपडेट-इनिटरॅमएफएस: फेल्ड'. पण डिस्कवर ६० जीबी मोकळे आहेत!

जुनाजाणता:
उबुंटू टाकताना डिस्क एन्क्रिप्ट केली होती का?

अडलाहरी:
हो, २०.०४ टाकलं तेव्हा. नंतर २२.०४ वर अपग्रेड केलं. त्याचा काय संबंध?

जुनाजाणता:
हे आधी सांगायचं ना! एन्क्रिप्शन घेतलं की /बूटचं (मशीन सुरू करणाऱ्या फायलींचं) वेगळं, छोटंसं पार्टिशन होतं. 'डीएफ -एच /बूट' करून जागा बघा, भरलेलं असणार. ऑडॅसिटी बिचारी निर्दोष आहे. कर्नलचं (सिस्टमच्या गाभ्याचं) अपडेट अर्धवट लटकलंय आणि काहीही टाकायला गेलात तरी ॲप्ट आधी तेच पुरं करू बघतं.

युनेम -आर ने चालू कर्नल कुठला ते बघा. त्याच्या फायलींना अजिबात हात लावू नका. उरलेल्यांत जो सगळ्यांत जुना, त्याची 'इनिटआरडी.आयएमजी' (बूट होताना लागणारी) फाइल /बूटमधून होम फोल्डरमध्ये हलवा. मग सुडो ॲप्ट -एफ इन्स्टॉल. ते सुरळीत झालं की सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज, म्हणजे नको असलेले जुने कर्नल निघतील.

आर्चप्रेमी:
अवांतर: टर्मिनलमध्ये देवनागरी जोडाक्षरं कुणाला धड दिसतात का? माझ्याकडे 'क्ष' चे तुकडे होतात.

घाईगडबड:
कोन्सोलमध्ये त्यातल्या त्यात बरी दिसतात. वेगळा धागा काढा पण.

अडलाहरी:
झालं!! /बूट ७०४ एमबीचं, १००% भरलेलं. ५.१५ चे चार कर्नल ठाण मांडून बसले होते, आता दोन उरलेत. ऑडॅसिटी उघडली. जुनाजाणता, दंडवत घ्या.

रामराज्य:
मी म्हटलंच होतं, जागा कमी पडत असणार.