शब्दचर्चा : छळ, यातना, हाल आणि 'बोलते करणे'

प्रश्न : माणसाच्या क्रौर्याच्या इतिहासावरचा एक लेख मराठीत आणते आहे. 'टॉर्चर'साठी एकाच पानावर छळ, यातना, हाल, जाच असे चार शब्द वापरून झाले. यातला नेमका कोणता? आणि खिळ्यांच्या कपाटाला, म्हणजे 'आयर्न मेडन'ला, काय म्हणू?

उत्तर : चारही शब्द एका मापाचे नाहीत. क्रियापद लावून पाहा, फरक लगेच कळतो. छळ 'करतात', यातना 'भोगतात' किंवा 'देतात', पण 'यातना केल्या' असे कोणी म्हणत नाही. हाल नुसते 'होतात'सुद्धा. पुरात, दुष्काळात होतात, तिथे करणारा कोणी लागत नाही. हाल मूळचा अरबी, अर्थ फक्त 'स्थिती'. 'हालहवाल'मध्ये तो अजून तसाच आहे. जाच रोजचा, चिवट. त्यात जीव सहसा जात नाही, जीव नकोसा होतो.

छळ हा संस्कृतातला 'छल', म्हणजे कपट. 'छळकपट' म्हणताना आपण तोच जुना अर्थ वापरतो. कपटाचा अर्थ मागे पडून त्रासाचा पुढे आला, तरी एक गोष्ट शिल्लक राहिली : छळ चुकून होत नाही, त्यात हेतू असतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९८४च्या करारातही हेतू हाच गाभा आहे. कबुली किंवा माहिती काढण्यासाठी, शिक्षा म्हणून, धाक बसावा म्हणून किंवा भेदभावापोटी जाणूनबुजून दिलेली तीव्र वेदना, तीही सरकारी माणसाने किंवा त्याच्या संमतीने. कायदेशीर शिक्षेतून आपसूक येणारी वेदना त्यातून वगळली आहे.

म्हणून 'शिक्षा' आणि 'यातना' लेखात एकत्र कालवू नका. दामियँचे उदाहरण घ्या. त्याने १७५७ च्या जानेवारीत फ्रान्सच्या राजावर, पंधराव्या लुईवर, चाकू चालवला. २८ मार्चला त्याला भर चौकात घोड्यांकडून फाडून मारले, ही शिक्षा. त्याच दिवशी सकाळी पायांना फळ्या आवळून मध्ये पाचरी ठोकल्या, साथीदारांची नावे हवी होती म्हणून, ही यातना. माणूस एक, दिवस एक, पण न्यायालयाच्या लेखी दोन वेगळी कामे.

त्या पाचरींना फ्रेंच कायद्यात नाव होते 'केस्त्यों', म्हणजे प्रश्न! साधा प्रश्न आणि असाधारण प्रश्न असे दोन दर्जे. पाणी पाजण्याच्या प्रकारात असाधारण म्हणजे दुप्पट पाणी. कबुलीसाठीचा 'प्रश्न' १७८० मध्ये बंद झाला, साथीदारांच्या नावांसाठीचा १७८८ मध्ये.

हा काही फ्रेंचांचा एकट्याचा चावटपणा नव्हे. प्राचीन अथेन्समध्ये गुलामाची साक्ष ग्राह्य धरायची तर ती मारझोडीतून आलेली हवी, असा नियम होता. त्या मारझोडीला म्हणत 'बासानोस', शब्दशः सोने घासून पाहायचा दगड, आपली कसोटी. गेस्टापोच्या, म्हणजे हिटलरच्या गुप्त पोलिसांच्या, कागदांत 'तीव्र चौकशी' आहे, २००१ नंतरच्या अमेरिकी कागदांत 'वर्धित चौकशी'. करणाऱ्याच्या दप्तरात हा शब्द नेहमी चौकशीच्या घरातला असतो. उलट असीरियाचा, म्हणजे आजच्या इराककडचा, राजा दुसरा अशुरनासिरपाल पाहा. इसवी सनापूर्वी नवव्या शतकात तो शिलालेखात सरळ कोरून ठेवतो, बंडखोरांची कातडी सोलली म्हणून. त्याला मिरवायचे होते, त्यामुळे त्याला मऊ शब्द लागला नाही.

प्रतिसाद : पण 'छळ' आता फारच हलका झालाय. 'पोरं छळतात', 'छळू नकोस गं'. अंधारकोठडीसाठी हाच शब्द?

उत्तर : हलका झालाय खरा, पण 'टॉर्चर'ची तीच गत आहे; कंटाळवाण्या गाण्यालाही आपण टॉर्चर म्हणतो. जोडशब्दात मात्र छळ अजून दणकट आहे. 'छळछावणी' घ्या. मूळ युरोपीय शब्द 'कॉन्सन्ट्रेशन कॅम्प', अर्थ नुसता 'लोकांना एके ठिकाणी आणण्याची छावणी'. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात ब्रिटिशांच्या अशा छावण्यांत २६,००० हून अधिक बोअर बायका-मुले रोगराईने आणि उपासमारीने मेली, तरी नाव 'एकत्रीकरण'च. १९३३ मध्ये नाझींनी डाखाऊची छावणी उघडली तेव्हाही तेच. मराठीने ते नाव उचललेच नाही, आत काय चालते ते नावात घातले. माझ्या मते हे आपल्या भाषेतले फार चोख भाषांतर आहे.

इतके चोख आपण दर वेळी नसतो, बरं का. 'पोलिसी खाक्या दाखवताच आरोपी पोपटासारखा बोलू लागला', 'आरोपीला बोलते केले' ही बातमीतली वाक्ये आपण चहा पिता पिता वाचतो. पोलिसापुढची कबुली पुरावा म्हणून चालत नाही, हा नियम १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेपासून आहे, १८७२ च्या पुरावा कायद्याने तो पुढे चालवला. तोही उगाच आला नाही. मद्रास इलाख्यातल्या यातनांवरच्या १८५५ च्या चौकशी अहवालात बोटे दाबायच्या लाकडी चिमट्याचे 'किट्टी' हे नाव आहे तसे छापले गेले. तो चिमटा सारावसुलीसाठीही वापरत.

प्रतिसाद : मग 'दिव्य' कुठे बसवायचे? उकळत्या तेलात हात घालणे वगैरे?

उत्तर : ते वेगळे. दिव्यात निकाल देव देतो, यातनेत कबुली देऊन माणूस स्वतःच देतो. दोन्हींची सांधेजोड मात्र लेखात जरूर घ्या. १२१५ च्या लॅटरन परिषदेने, म्हणजे रोममधल्या ख्रिस्ती धर्मसभेने, पाद्र्यांना दिव्यांत भाग घ्यायला मनाई केली. देवाची साक्ष गेली, तेव्हा पूर्ण पुरावा म्हणजे दोन प्रत्यक्षदर्शी किंवा कबुली. प्रत्यक्षदर्शी कुठून आणणार? उरली कबुली. १२५२ मध्ये पोप चौथ्या इनोसंटने पाखंड्यांच्या चौकशीत यातनेला परवानगी दिली. नियमही काटेकोर : नंतर, टांगण्याचा दोर सोडल्यावर, कबुली 'स्वखुशीने' पुन्हा द्यायची. नाकारली तर परत दोर.

तर कोठडी, कबुली, कायदा असेल तिथे 'यातना देणे', 'यातनागृह'. माणसामाणसांतल्या त्रासाला छळ, जाच. हाल दोन्हीकडे चालेल.

'आयर्न मेडन'ला 'लोखंडी कुमारी' म्हणा हवे तर, पण 'मध्ययुगीन' हे विशेषण काढाच. अठराव्या शतकाच्या अखेरीआधी तिचा विश्वासार्ह उल्लेख नाही. संग्रहालयांतली कपाटे मागाहून जुळवलेली आहेत. मध्ययुगाचे चित्रच द्यायचे असेल, तर हात मागे बांधून छताच्या कप्पीवरून वर ओढलेल्या माणसाचे द्या.