परदेशी विद्यापीठ कसं निवडलंत, अर्ज कसा केलात? अनुभव लिहा

पुढच्या प्रवेशासाठी अनेकांच्या याद्या आता तयार होत असतील. बहुतेक जण आधी देश ठरवतात, मग रँकिंग उघडतात आणि वरून खाली झेपेल तिथपर्यंत उतरत येतात. माझं ठाम मत आहे की यादीची सुरुवात विभागापासून व्हावी. तिथे कोण शिकवतं, काय शिकवतं आणि त्यातलं आपल्या वाट्याला किती येणार, हे कळल्याशिवाय अर्जाची फी भरू नये. ज्यांनी हे सगळं स्वतःसाठी किंवा मुलांसाठी केलंय, त्यांनी सविस्तर लिहावं. सुरुवात मी करते, पुढे प्रत्येक मथळ्याखाली वेगळ्या व्यक्तीचा अनुभव आहे.

मी अमेरिकेत स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगमध्ये एमएस केलं. भूकंपरोधक बांधकाम हा विषय आधीपासून पक्का होता. कॅटलॉगमध्ये त्याचे भरपूर कोर्स दिसतात, पण कॅटलॉगमधला कोर्स दरवर्षी चालतोच असं नाही. म्हणून मी प्रत्येक ठिकाणचं मागच्या सत्रांचं वेळापत्रक शोधायचे. रजिस्ट्रारच्या पानावर ते बहुधा सगळ्यांना खुलं असतं. एका नावाजलेल्या विभागात मला हवे असलेले दोन्ही कोर्स कित्येक सत्रं लागलेच नव्हते. शिकवणारे प्राध्यापक निवृत्त झालेले, कोर्सची नावं मात्र जागच्या जागी. ते विद्यापीठ यादीतून गेलं. रँकिंगमध्ये बरंच खालचं, पण स्वतःचं शेक टेबल असलेलं दुसरं एक वर आलं आणि मी तिथेच शिकले. इमारतीचं मॉडेल वर ठेवायचं आणि नोंदवलेल्या खऱ्या भूकंपासारखं खालून हलवायचं, असं ते यंत्र. सांधा आधी कुठे उघडतो हे डोळ्यांनी पाहिल्यावर सूत्रांकडे बघण्याची नजरच बदलते.

एक गोष्ट लक्षात असू द्या. अमेरिकेतल्या बऱ्याच ग्रॅज्युएट स्कूल्सनी एक ठराव मान्य केलेला आहे. त्यानुसार आर्थिक मदतीसह ॲडमिट (प्रवेशाचा होकार) दिला असेल, तर १५ एप्रिलच्या आधी उत्तर देण्याची सक्ती करता येत नाही. मदत नसलेल्या ॲडमिटला हे लागू नाही. 'आठवड्यात कळवा' असा मेल आला तर घाबरून होकार देऊ नका, विद्यापीठ त्या ठरावाच्या यादीत आहे का ते बघा.

जर्मनी, मास्टर्स

जर्मनीबद्दल 'तिथे फी नाही' एवढंच सगळीकडे ऐकू येतं. ते बऱ्याच अंशी खरं आहे, पण सरसकट नाही. बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १५०० युरो भरावे लागतात. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून फी सुरू केली आहे. शिवाय व्हिसासाठी वर्षाचा खर्च दाखवावा लागतो. मुख्य रस्ता ब्लॉक्ड अकाउंटचा. २०२४ मध्ये ती रक्कम ११,९०४ युरो झाली, म्हणजे महिन्याला ९९२. पैसे आपलेच असतात, पण महिन्याला ठरलेला हप्ताच हातात येतो.

खरी मेहनत मात्र पैशाची नाही, क्रेडिटची आहे. जर्मन मास्टर्सच्या अटींमध्ये गणिताचे इतके, मेकॅनिक्सचे इतके ईसीटीएस (युरोपात अभ्यास मोजायची क्रेडिटं) हवेत, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. टक्केवारी उत्तम असूनही तिथे अर्ज बाद होतो. पूर्ण वर्षाचा अभ्यास म्हणजे ६० ईसीटीएस, हे प्रमाण धरून मी माझ्या पदवीचा एकेक विषय मांडला. डावीकडे माझा विषय, त्याचे तास आणि त्यात शिकवलेले घटक. उजवीकडे त्यांच्या मॉड्यूल हँडबुकमधला जवळचा विषय. 'अप्लाइड सायन्स टू' या नावावरून समितीला काही कळत नाही, पण त्यात अर्धा भाग थर्मोडायनॅमिक्स होता हे अभ्यासक्रमाच्या प्रतीसकट दाखवलं की कळतं. हा तक्ता करायला वेळ लागतो, कंटाळाही येतो. तरी तो स्वतःच करा. कुठल्या विद्यापीठात आपण बसतो आणि कुठे नाही, हे त्यातूनच समजतं.

अर्ज युनि-असिस्ट या परदेशी अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत असेल तर कागदपत्रं तपासायलाच कित्येक आठवडे जातात. शेवटची तारीख ही आपल्यासाठी शेवटची तारीख नसते.

लेकीच्या बॅचलर्ससाठी

आई म्हणून लिहितेय. लेकीने ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे अर्ज केले आणि दोन्हींची तऱ्हा पार निराळी निघाली. ब्रिटनमध्ये यूकॅस या सामाईक अर्जाच्या पोर्टलवरून एका वर्षी जास्तीत जास्त पाच ठिकाणी अर्ज करता येतो. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजपैकी एकच निवडायचं आणि त्यांची मुदत १५ ऑक्टोबरलाच संपते. तिथे विषयाची आवड बघतात, बाकी गुणवर्णन फारसं नको असतं. २०२६ च्या प्रवेशापासून अर्जातल्या एका सलग निबंधाऐवजी तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची आहेत, सगळी मिळून ४००० अक्षरांत.

अमेरिकेत अनेक कॉलेजांना एकच अर्ज चालतो, त्या कॉमन ॲपचा निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा, आणि त्यात त्यांना मूल कसं आहे हे जाणून घ्यायचं असतं. लेकीचा पहिला मसुदा म्हणजे बक्षिसांची यादी होती. तिच्या शाळेतल्या मॅडमनी तो बाजूला ठेवला आणि 'तू कोणी सांगितलं नसताना काय करतेस?' एवढंच विचारलं. ती बसथांब्यावर बस ठरल्या वेळेपेक्षा किती उशिरा येते याची नोंद ठेवायची. वहीत तारीख, वेळ, हवामान. पावसात दोन बस पाठोपाठ येतात आणि मग बराच वेळ एकही येत नाही, असं का होत असेल याचं तिने स्वतःचं एक उत्तर शोधलं होतं. निबंध त्याच्यावर झाला. वाचताना मला माझीच मुलगी नव्याने कळली.

पालकांनी मदतीचा नियम नीट वाचावा. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशा मोजक्या ठिकाणी आर्थिक मदत मागितली म्हणून परदेशी मुलाच्या प्रवेशावर परिणाम होत नाही. बाकी बहुतेक ठिकाणी होतो. आणि नंतर मागू म्हटलं तर पुष्कळदा ती मिळतच नाही. त्यामुळे किती पैसे उभे राहतील हे घरात मोकळेपणाने बोलून मगच अर्ज भरा. आम्ही ते आधीच बोललो, त्यामुळे निकाल आल्यावर घरात ताण नव्हता.

रँकिंगची बाजू

रँकिंग बघूच नये, असं मला वाटत नाही. ते कशाचं आहे हे समजून बघावं. शांघायच्या जागतिक विद्यापीठ क्रमवारीत ३० टक्के गुण माजी विद्यार्थी आणि प्राध्यापकांच्या नोबेल व फील्ड्स पदकांचे असतात. तुमच्या मास्टर्सच्या वर्गात कसं शिकवतील याच्याशी त्याचा संबंध काय? पण काही व्हिसा थेट क्रमवारीवर चालतात. ब्रिटनचा २०२२ मध्ये सुरू झालेला हाय पोटेन्शियल इंडिव्हिज्युअल व्हिसा, ज्यावर आधी नोकरी हातात नसतानाही जाता येतं, तो क्रमवारीत वर असलेल्या, ब्रिटनबाहेरच्या विद्यापीठांच्या पदवीधरांसाठीच आहे. नेदरलँड्सच्या ओरिएंटेशन इयरला, म्हणजे पदवीनंतर तिथे नोकरी शोधायच्या वर्षभराच्या परवान्यालाही, बाहेरच्या देशात शिकलेल्यांसाठी असाच निकष लागतो. पुढे दुसऱ्या देशात जायचा विचार असेल तर हे आत्ताच बघून ठेवा.

पीएचडी

इथे विभागाच्याही पुढे जाऊन गाइड बघायचा. युरोपात पीएचडी बहुतेकदा नोकरीच्या जाहिरातीसारखी निघते, पगार लिहिलेला असतो आणि आधी मास्टर्स लागतं. अमेरिकेत पदवीनंतर थेट अर्ज करता येतो, पण निर्णय समिती घेते. जीवशास्त्रात तर पहिल्या वर्षी वेगवेगळ्या लॅबमध्ये रोटेशन, म्हणजे थोडा थोडा काळ काम, करून मग गाइड ठरतो.

प्राध्यापकांना मेल लिहिताना मी त्यांचा एक पेपर पूर्ण वाचायचो आणि मला न उलगडलेला एक नेमका प्रश्न विचारायचो. सोबत माझ्या कामाबद्दल चार ओळी. त्यांना उत्तर द्यावंसं वाटतं ते अशाच मेलला. पण त्याहून मोलाचं काम म्हणजे त्या लॅबमधल्या मुलांशी फोनवर बोलणं. 'सर कसे आहेत?' असं विचारलं तर सगळे 'छान' म्हणतात. 'शेवटची भेट कधी झाली? मागच्या बॅचमधलं कोणी सोडून गेलं का?' असं विचारलं की खरं कळतं. एका लॅबमधल्या मुलीने उत्तर द्यायच्या आधी बराच वेळ घेतला. मी तिथे अर्ज केला नाही.

कन्सल्टंटबद्दल

पुष्कळ कन्सल्टंटना विद्यापीठांकडून कमिशन मिळतं, म्हणून त्यांची सेवा फुकट असते. माझ्या कन्सल्टंटने सुचवलेल्या यादीत जर्मनीचं एकही सरकारी विद्यापीठ नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे अर्जांसाठी त्यांनीच नवा ईमेल उघडला आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवला. विद्यापीठाने मागितलेल्या एका कागदाचा मेल माझ्यापर्यंत मुदत टळल्यावर आला आणि ती जागा गेली. मदत जरूर घ्या, पण ईमेल, पोर्टल आणि पासवर्ड आपल्याच हातात हवेत.

ब्रिटनला जाणाऱ्यांसाठी: व्हिसासाठीची रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. एक दिवस जरी खाली आली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. त्या काळात त्या खात्यातून काहीही भरू नका.

नोकरी करता करता

आयईएलटीएस आणि टोफेलचे गुण दोन वर्षं चालतात, जीआरई या ग्रॅज्युएट प्रवेशपरीक्षेचे पाच. त्यामुळे जीआरई आधी उरकली आणि इंग्रजीची परीक्षा अर्जाच्या तोंडावर दिली. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीचाही विचार करा. कामाचा किमान २८०० तासांचा अनुभव लागतो आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावं लागतं. मला परत यायचंच होतं, म्हणून ही अट अडचणीची वाटली नाही.

शिफारसपत्रांसाठी कॉलेजच्या सरांना नुसता 'पत्र हवंय' असा मेल करू नका. त्यांच्या हाताखाली केलेला प्रोजेक्ट, त्यात आपण काय केलं आणि कुठल्या कोर्सला अर्ज करतोय, हे एका पानावर लिहून द्या. सर शेकडो मुलांना शिकवतात. माझ्या सरांनी त्या पानावरून मीच विसरलेली एक गोष्ट आठवून पत्रात घातली. मुलाखतीत मला पहिला प्रश्न त्याच गोष्टीवर विचारला गेला.