निलगिरी काढलेल्या जमिनीत वळवाचं पाणी मुरेना, थेंब उभेच राहतायत

खानापूरचा शेतकरी:
नमस्कार मंडळी, आमची उताराची तांबडी वाळूसर जमीन आहे, तिथली निलगिरी काढून पाला जागेवरच ढीग करून जाळला. परवा वळीव चांगला झाला, वरनं ओलं दिसतंय म्हणून बोटानं उकरलं तर खाली कोरडी धूळ! थेंब सोडला तर अळूच्या पानावर राहतोय तसा उभा राहतोय, आणि घरंगळला की अंगाला धूळ लावून घेऊन लाल गोळी होऊन पळतोय, फुटत पण नाही. धूळवाफ पेरणी, म्हणजे पाऊस लागायच्या आधी कोरड्या मातीतच बी टाकायचं होतं, भात उगवंल काय? निलगिरीचं तेल मुरलंय म्हणतेत, खरं काय?

निपाणीकर:
पोपडा धरला असणार, कुळव मारा एकदा.

मातीवाला बेळगाव:
नाही दादा, पोपड्यावर थेंब पसरतोय, चपटा होतोय. इथं कणच पाण्याला जवळ घेईना झालेत. आणि तेल नव्हे, ते उडून जातंय, पाल्यातलं मेण आणि बुरशीचे पदार्थ कणांवर बसतात, वाळूसर मातीला एकूण पृष्ठभाग कमी म्हणून थोडंसं मेणपण पुरतं. त्यात जाळलं की मेणाची वाफ खाली जाऊन गार मातीत थर धरते, माती ३०० अंशांच्या आसपास तापली तर मात्र मेणच जळून जातं. त्या लाल गोळीला बाहेरनं धुळीचं कवच असतंय, आतलं पाणी जमिनीला टेकतच नाही, म्हणून उतारावर माती वाहून जायची मला जास्त काळजी वाटते. सावलीत वाळवलेल्या मातीवर थेंब सोडून टाइम लावा, ५ सेकंदांत मुरला तर ठीक, मिनिटाच्या वर गेला तर जोरदार, तासाच्या वर म्हणजे फारच. वरची आणि खालची माती वेगवेगळी बघा.

खानापूरचा शेतकरी:
बघितलं. ढिगाच्या मधोमध लगेच मुरला, कडेला दोन बोटं खालची माती घेतली तर चहा पिऊन आलो तरी थेंब तसाच. आता?

मातीवाला बेळगाव:
मग कडेच्या पट्ट्यात धूळवाफ नको, बी कुठं उगवंल कुठं नाही. मृगाचा पाऊस लागून राहिला, माती आतपर्यंत भिजली की हा गुण बराच जातोय, तेव्हा पेरा, पण कडक वाळली की परत येतोय हे धरून चला. तोवर उताराला आडवे बांध घाला. तळ्यातला चिकण गाळ मिळाला तर वरच्या मातीत नीट मिसळा, ऑस्ट्रेलियात अशा वाळूच्या जमिनीत शेतकरी चिकणमातीच घालतात. आणि राहिलेला पाला आता जाळू नका.