जुन्या गाडीची वीज मध्येच जाते तेव्हा: दोष कसा सापडला, ते लिहा

माझ्याकडे 1998 सालची कार्ब्युरेटरची पेट्रोल गाडी आहे. गेल्या श्रावणात त्र्यंबकेश्वरहून परतताना महिरावणीजवळ डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकाएकी विझले, वायपर काचेच्या मध्यावर थांबले आणि इंजिन बंद पडले. पार्किंगचे दिवेही लागेनात, त्यामुळे भर पावसात मागच्या वाहनांना सावध करण्यासाठी मुलाला छत्री आणि परावर्तक त्रिकोण घेऊन मागे उभे करावे लागले. पाच मिनिटांनी किल्ली फिरवली, तर काही झालेच नसल्यासारखी गाडी सुरू झाली.

पुढच्या तीन महिन्यांत नवी बॅटरी घेतली, अल्टरनेटरचे ब्रश बदलले, तरी दोष तसाच राहिला. गॅरेजमध्ये नेले की गाडी शहाण्यासारखी वागायची. शेवटी नाशिकच्या द्वारका परिसरातल्या एका वयस्कर इलेक्ट्रिशियनकाकांनी मला एकच प्रश्न विचारला, "वीज जाते तेव्हा आतला दिवा आणि हॉर्न चालतो का?" माझ्या गाडीत हे दोन्ही किल्लीवर अवलंबून नाहीत, आणि त्या वेळी तेही बंद पडत होते. म्हणजे दोष किल्लीने चालणाऱ्या इग्निशन स्विचच्या अलीकडेच, बॅटरीच्या बाजूला शोधायचा होता.

त्यांनी हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवून व्होल्ट मोजणाऱ्या मीटरची एक पिन बॅटरीच्या धन टोकावर आणि दुसरी मुख्य फ्यूजच्या पलीकडच्या वायरवर धरली. मीटर 0.1 व्होल्ट दाखवत होता, पण वायरिंगचा जुडगा हाताने हलवताच आकडा 1.8 वर गेला, म्हणजे तेवढे व्होल्टेज वाटेतच अडत होते. फ्यूजच्या डब्याचे झाकण काढल्यावर एका बोल्टाभोवतीचे प्लास्टिक चहाच्या रंगाचे झालेले दिसले. बोल्ट बोटांनीच फिरत होता आणि त्याखालचे पितळी टोक काळे पडले होते. फ्यूज स्वतः शाबूत असल्यामुळे तोवर कोणीच तिकडे लक्ष दिले नव्हते. आपल्याकडेही असा दोष सापडला असेल, तर नेमके काय बंद पडत होते आणि कोणत्या तपासणीत तो पकडला गेला, हे कृपया लिहावे; उत्तराच्या वर नाशिकमधल्या आपल्या भागाचे नाव द्यावे.

अंबड

माझ्या गाडीत हेडलाइट चालू राहायचे, पण इंजिन, वायपर आणि इंडिकेटर एकदम जायचे, तेही बहुधा गतिरोधकावर. किल्लीच्या जुडग्यात घराच्या आणि दुकानाच्या मिळून अकरा किल्ल्या होत्या. इंजिन चालू असताना किल्ली किंचित डावी-उजवी हलवली की काटे पडत, त्यावरून इग्निशन स्विचचे आतले संपर्क झिजल्याचे कळले. कुलूप तसेच ठेवून फक्त त्यामागचा विजेचा भाग बदलला, आणि आता गाडीची किल्ली एकटीच असते.

पंचवटी

बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते म्हणून ती आणि तिची जोडणी ठीक आहे असे मी धरून चाललो, ही माझी चूक झाली. काहीही चालू नसताना एखादा तंतू शिल्लक असलेली वायरसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवते. खरी परीक्षा भार पडल्यावरच होते. सेल्फ मारताना बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यामध्ये मोजले, तेव्हा जवळजवळ 3 व्होल्ट आले, जे अर्ध्या व्होल्टच्या आत असायला हवे होते. अर्थिंगच्या केबलवरचे रबर वरून चांगले होते, पण कापल्यावर आत तांब्याची हिरवी भुकटी निघाली.

नाशिक रोड

नंतर बसवलेल्या सेंट्रल लॉकची वायर मूळ वायरला नुसता पीळ देऊन टेपने गुंडाळली होती. तो सांधा कापून सोल्डर केला, आणि दोन वर्षांचा त्रास संपला.

देवळाली कॅम्प

एक कळकळीची विनंती आहे. चार्जिंग तपासण्यासाठी चालत्या इंजिनावर बॅटरीचे टर्मिनल काढण्याची पद्धत अजूनही काही ठिकाणी दिसते. तसे कोणालाही करू देऊ नये. बॅटरी सुटताच व्होल्टेज उसळते, आणि माझ्या गाडीतला व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर त्यातच गेला. इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या टोकांवर मीटर लावावा; साधारण 13.8 ते 14.4 आले, तर चार्जिंग होत आहे.

गंगापूर रोड

माझा दोष अद्याप सापडलेला नाही, तरी लिहिते, कारण वरचे वाचून एक उपाय केला आहे. महिन्यातून एखाद्या वेळीच वीज जाते, त्यामुळे मीटर हाताशी असेलच असे नाही. म्हणून 12 व्होल्टचे दोन बारीक दिवे स्टिअरिंगजवळ बसवून घेतले. एक मुख्य फ्यूजच्या पलीकडून, दुसरा इग्निशन स्विचच्या पलीकडून, आणि दोन्हींना स्वतंत्र लहान फ्यूज. पुढच्या वेळी दोन्ही विझले तर शोध बॉनेटखाली, दुसरा एकटाच विझला तर स्विचमध्ये. काल चांदवडच्या पुढपर्यंत जाऊन आले. राहुड घाटातही दोन्ही दिवे चालूच होते.