पॉलिप काढल्यानंतरचा आहार आणि आतड्यांतील जिवाणू : मदत हवी आहे

कोयनाकाठ

मागील महिन्यात माझी कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, झाली. त्यात एक पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढलेली लहान गाठ, आढळला आणि तो त्याच वेळी काढून टाकण्यात आला. "चोथायुक्त आहार घ्या आणि तीन वर्षांनी पुन्हा तपासणीला या," एवढे सांगून डॉक्टरांनी पुढच्या रुग्णाला आत बोलावले. त्यानंतरचे तीन आठवडे मी आतड्यांतील जिवाणू आणि कर्करोग यांविषयी मिळेल ते वाचत आहे. कोणी दही खायला सांगतो, कोणी कॅप्सूल घ्यायला, तर कोणी गहू पूर्ण बंद करायला. माझे प्रश्न दोनच आहेत. पुन्हा पॉलिप होऊ नये म्हणून नेमके काय आणि किती खावे? आणि कोणते प्रोबायोटिक, म्हणजे उपयुक्त जिवाणूंचे औषध, घ्यावे? "सकस आहार घ्या" असा सर्वसाधारण सल्ला कृपया देऊ नये, तो मला ठाऊक आहे.

निशिगंध

आपले वय किती आहे? कोलोनोस्कोपी कशासाठी केली होती? पॉलिपचा आकार किती होता आणि बायोप्सीच्या अहवालात काय लिहिले आहे? एवढे समजल्याशिवाय आपल्याला उपयोगी पडेल असे काही सांगणे अवघड आहे.

भाकरतुकडा

मला अनेक वर्षे बद्धकोष्ठाचा त्रास होता. रोज रात्री दोन चमचे इसबगोल कोमट पाण्यातून घेऊ लागलो आणि सहा महिन्यांत पोट पूर्ण स्वच्छ होऊ लागले. पोट साफ राहिले की आतड्यात विषारी द्रव्ये साचत नाहीत आणि पॉलिपचे मूळच नाहीसे होते, असा माझा अनुभव आहे. आपणही आजपासून इसबगोल सुरू करावे.

सूक्ष्मदर्शी

मी विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत अनेक वर्षे काम केले आहे, म्हणून भाकरतुकडा यांच्या सल्ल्यावर लिहिणे भाग आहे. बद्धकोष्ठावर इसबगोल गुणकारी आहे, याविषयी वाद नाही. परंतु ज्यांचे पॉलिप काढले होते अशा लोकांना युरोपात तीन वर्षे रोज 3.5 ग्रॅम इसबगोल देऊन एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2000 साली प्रसिद्ध झाले. इसबगोल घेणाऱ्यांमध्ये नवे पॉलिप कमी तर झाले नाहीतच, उलट ते अधिक आढळले. एका चाचणीवरून इसबगोल घातक ठरत नाही. मात्र पॉलिप रोखण्याचा उपाय म्हणून ते सुचवण्याला आधार राहत नाही.

कोयनाकाठ, निशिगंध यांनी विचारलेली माहिती कृपया द्यावी.

कोयनाकाठ

वय 47. बायोप्सी साधी आली, कर्करोग नाही. आमच्या घरी दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी असते, पत्नी एक दिवसाआड मटकी भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवते आणि रविवारी मटण होते. माझा प्रश्न आहाराचा आहे. अहवालाचे काय करायचे ते डॉक्टर पाहतील.

मृद्गंध

प्रोबायोटिकची कॅप्सूल विकत घेण्यापेक्षा घरी विरजलेले दही आणि ताक घ्यावे, असे मी मनापासून सुचवते. अमेरिकेतील परिचारिका आणि अन्य आरोग्य व्यावसायिकांच्या अनेक दशकांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास 2025 मध्ये आला. आठवड्यातून दोन किंवा अधिक वेळा योगर्ट खाणाऱ्यांमध्ये आतड्याच्या उजव्या भागातील एका विशिष्ट प्रकारच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे 20 टक्क्यांनी कमी होते. मीही गेल्या वर्षी एका कंपनीकडून शौचाच्या नमुन्यातील जिवाणूंची तपासणी करून घेतली होती. आपणही ती करावी, म्हणजे कोणते जिवाणू कमी आहेत ते कळेल.

निशिगंध

मृद्गंध ताई, तो "विशिष्ट प्रकार" कोणता, हे सांगणे आवश्यक आहे. ज्या गाठींच्या ऊतीत बायफिडोबॅक्टेरियम हे आतड्यातील जिवाणू सापडले, केवळ त्याच गाठींसाठी तो फरक दिसला. सर्व कर्करोग एकत्र मोजल्यावर योगर्टचा असा स्पष्ट परिणाम दिसत नाही. दुधाच्या बाजूने याहून भक्कम आकडा ब्रिटनमधून आला आहे. तेथील 5,42,778 स्त्रियांच्या अभ्यासात रोज 300 मिलिग्रॅम अधिक कॅल्शियम, म्हणजे साधारण एक मोठा पेला दूध, घेणाऱ्यांमध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका 17 टक्क्यांनी कमी आढळला. पित्ताम्ले कॅल्शियमला बांधली जातात आणि आतड्याच्या अस्तराला त्यांचा उपद्रव कमी होतो, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

शौचाच्या त्या तपासणीविषयी आपण काय केलेत, हे मला खरोखर जाणून घ्यायचे आहे. अहवाल आल्यावर आहारात कोणता बदल केलात?

मृद्गंध

त्यांनी भाज्या, कडधान्ये आणि दही वाढवण्यास सांगितले होते.

तळटीप

मूळ मुद्दा मांसाहाराचा आहे आणि तो सोडून बाकी सर्व चर्चा चालली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्येच प्रक्रिया केलेले मांस पहिल्या गटात, म्हणजे निश्चितपणे कर्करोगकारक पदार्थांत, घातले आहे. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी आहोत आणि आमच्या कुळात कोणालाही हा आजार झालेला नाही. रविवारचे मटण बंद करावे, हेच या प्रश्नाचे उत्तर आहे.

सूक्ष्मदर्शी

तळटीप, आपण सांगितलेले वर्गीकरण बरोबर आहे, परंतु ते ज्या मांसाचे आहे ते सॉसेज, सलामी, बेकन यांसारखे मांस. त्याच्या रोजच्या 50 ग्रॅम सेवनामागे धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो. मटण हे तांबडे मांस असून ते "बहुधा कर्करोगकारक" अशा दुसऱ्या गटात आहे. आठवड्यातून एकदा मटण खाणे आणि रोज सॉसेज खाणे यांना एका मापाने मोजता येणार नाही. शाकाहाराविषयी सांगायचे तर, ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या अमेरिकेतील अभ्यासात शाकाहारी लोकांचा धोका 22 टक्क्यांनी कमी आढळला, तर ऑक्सफर्डच्या 2009 मधील अभ्यासात तो मांसाहारी लोकांपेक्षा जास्त निघाला. शाकाहारी ताटात काय वाढलेले आहे, यावर बरेच अवलंबून असते. मैदा, साबुदाणा आणि तळणही शाकाहारीच आहे.

कोयनाकाठ यांच्या प्रश्नाचे माझ्या परीने उत्तर देतो. चोथा लहान आतड्यात पचत नाही. तो मोठ्या आतड्यात पोहोचला की तेथील जिवाणू त्याला आंबवतात आणि ब्युटिरेट नावाचे आम्ल तयार होते. आतड्याच्या अस्तरातील पेशींचे ते मुख्य इंधन आहे. याउलट चरबी अधिक खाल्ली की पित्त अधिक स्रवते आणि त्याचा जो भाग मोठ्या आतड्यात उतरतो त्याचे जिवाणू अशा द्रव्यांत रूपांतर करतात जी त्याच पेशींना इजा करतात. जिवाणू तेच, परंतु त्यांच्यापुढे आपण काय वाढतो त्याप्रमाणे त्यांचे काम बदलते. 2015 मध्ये पिट्सबर्गमधील 20 कृष्णवर्णीय अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेतील क्वाझुलू-नाताळच्या ग्रामीण भागातील 20 जणांनी दोन आठवड्यांसाठी एकमेकांचा आहार घेतला. अमेरिकनांचा चोथा दिवसाला 14 ग्रॅमवरून 55 ग्रॅमवर गेला. केवळ त्या पंधरवड्यात त्यांच्या आतड्यांतील ब्युटिरेट वाढले आणि अस्तराची जळजळ कमी झाली. आफ्रिकी गटात याच्या नेमके उलट घडले.

मात्र हे सांगून थांबलो तर आपली दिशाभूल होईल. अमेरिकेत 2,079 लोकांना चार वर्षे कमी चरबीचा आणि भरपूर चोथ्याचा आहार देऊन पाहिले, तरी पुन्हा होणाऱ्या पॉलिपच्या संख्येत फरक पडला नाही. पॉलिपपासून कर्करोग होण्यास बहुधा दहा किंवा अधिक वर्षे लागतात, म्हणून चार वर्षे अपुरी पडली असावीत. लाखो लोकांच्या दीर्घ नोंदी एकत्र पाहिल्या तर रोजच्या 10 ग्रॅम अधिक चोथ्यामागे धोका सुमारे 10 टक्क्यांनी कमी होतो, हेही खरे आहे. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात सुमारे 10 ग्रॅम चोथा असतो आणि पांढऱ्या तांदळात तीन ग्रॅमसुद्धा नसतो. आपल्या घरचे ताट पुष्कळ चांगले आहे. प्रोबायोटिकच्या एकाही कॅप्सूलने पॉलिप किंवा कर्करोग टळतो असे सिद्ध झालेले नाही, तेव्हा ते पैसे वाचवावेत.

आता एक विनंती. "साधी" हा शब्द अहवालात नसतो. अहवालात जे लिहिले आहे ते जसेच्या तसे येथे उतरवावे.

कोयनाकाठ

अहवाल समोर घेऊन बसलो आहे. "ट्यूब्युलर ॲडिनोमा विथ लो ग्रेड डिस्प्लेझिया" असे लिहिले असून आकार 12 मिलिमीटर आहे. सविस्तर उत्तरासाठी आभारी आहे. पहिल्याच दिवशी हे लिहायला हवे होते, हे मान्य करतो.

निशिगंध

म्हणजे हा कर्करोग नव्हे, परंतु पुढे कर्करोगाकडे जाऊ शकणारा पॉलिप आहे आणि त्याच्या पेशींतील बदल सौम्य आहेत. आकार 10 मिलिमीटर किंवा अधिक असल्यामुळेच तीन वर्षांची मुदत दिलेली दिसते. दहापेक्षा लहान असे एक-दोन पॉलिप असते तर ती बहुधा सात ते दहा वर्षे असती. परंतु माझा पहिला प्रश्न अद्याप अनुत्तरित आहे. कोलोनोस्कोपी कशासाठी केली होती?

कोयनाकाठ

थोरल्या भावाचे दोन वर्षांपूर्वी मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी ऑपरेशन झाले. तो तेव्हा 49 वर्षांचा होता. वहिनींनी आग्रह धरला म्हणून मी तपासणी करून घेतली. हे सर्वांना माहीत आहे असे गृहीत धरून मी लिहिलेच नाही.

सूक्ष्मदर्शी

आपल्या आई-वडिलांपैकी, मामा, मावशी, काका, आत्या यांपैकी कोणाला कोणताही कर्करोग झाला होता का? केवळ आतड्याचा नव्हे, कोणताही.

कोयनाकाठ

आईला गर्भाशयाचा कर्करोग झाला होता, तेव्हा ती 46 वर्षांची होती. पिशवी काढली आणि ती बरी झाली, आजही ती ठणठणीत आहे. परंतु तो आतड्याचा नव्हता, म्हणून त्याचा येथे काय संबंध ते कळले नाही.

सूक्ष्मदर्शी

फार जवळचा संबंध असू शकतो. आईला पन्नाशीपूर्वी गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग आणि मुलाला पन्नाशीपूर्वी मोठ्या आतड्याचा, असे एका घरात दिसले की लिंच सिंड्रोमची शंका घ्यावीच लागते. डीएनएच्या नकलेतील चुका दुरुस्त करणाऱ्या जनुकात हा जन्मजात दोष असतो आणि तो प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. ही शंका खरी ठरली तर आपल्याला तीन वर्षे थांबून चालणार नाही. अशा व्यक्तींची कोलोनोस्कोपी दर एक-दोन वर्षांनी करतात, कारण त्यांचा पॉलिप फार लवकर पुढे जातो. शंका खोटी ठरली तर उत्तमच.

याची सुरुवात आपल्या रक्तापासून करू नये, भावाच्या गाठीपासून करावी. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचे तुकडे मेणाच्या ठोकळ्यांत रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत जपून ठेवलेले असतात. त्यांवर दुरुस्तीच्या त्या जनुकांपासून बनणाऱ्या एमएलएच-1, एमएसएच-2, एमएसएच-6 आणि पीएमएस-2 या चार प्रथिनांची तपासणी करता येते. कदाचित ती ऑपरेशनच्या वेळीच झाली असेल. आधी भावाची फाईल पाहावी.

आहाराचा धागा येथेही सुटत नाही. लिंच सिंड्रोम असलेल्या 900 हून अधिक लोकांना रोज 30 ग्रॅम न पचणारा स्टार्च देऊन दीर्घकाळ पाहिले. कच्च्या केळ्यात असतो तसा हा स्टार्च. आतड्याचा कर्करोग त्यामुळे कमी झाला नाही, परंतु जठर, स्वादुपिंड अशा अन्य अवयवांचे कर्करोग निम्म्याहून कमी झाले. त्याच संशोधनात रोज 600 मिलिग्रॅम ॲस्पिरिनने मात्र आतड्याचा कर्करोग काही वर्षांनी स्पष्टपणे कमी केला. हे वाचून कोणीही स्वतःहून ॲस्पिरिन सुरू करू नये. त्याने जठरात रक्तस्राव होऊ शकतो.

भाकरतुकडा

कोयनाकाठ दादा, इसबगोलचा आग्रह मी मागे घेतो. माझी आत्या आतड्याच्या कर्करोगाने गेली होती, तेव्हा ती साठीच्या पुढे होती. मीही आता घरात इतरांविषयी विचारून घेतो.

कोयनाकाठ

भावाची फाईल काल रात्री वहिनींनी कपाटातून काढली. त्यात चार प्रथिनांचा उल्लेख कोठेही नाही. रुग्णालयात दूरध्वनी केला. ठोकळे ठेवलेले आहेत आणि रुग्णाने किंवा जवळच्या नातेवाइकाने अर्ज केल्यास ते मिळतील, असे त्यांनी सांगितले. भाऊ सोमवारी जाणार आहे. आम्हाला एक धाकटी बहीण आहे. ती 43 वर्षांची आहे आणि तिला यातले काहीच माहीत नाही. चाचणीचा निकाल येईपर्यंत तिला सांगू नये, असे आईचे म्हणणे आहे.

निशिगंध

निकालाची वाट पाहू नये. भावाच्या आजारामुळे त्यांची कोलोनोस्कोपी चाळिशीतच व्हायला हवी होती, मग लिंच असो वा नसो. आणि पाळीच्या तक्रारी किंवा मध्येच होणारा रक्तस्राव असेल, तर तोही याच वेळी स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगायला सांगा. आईंच्या आजाराचे वय त्यांना आवर्जून सांगावे, ते त्या डॉक्टरांच्या उपयोगी पडेल.

कोयनाकाठ

आज संध्याकाळी तिला फोन करतो.